जिल्ह्याची लाइन चालू आहे

"यादीत एक नाव राहिलंय," जयवंतराव म्हणाले. "लिहून घ्या. मल्लय्या गुंडेटी."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

खरं तर त्या क्षणी मी लाइनवर असायलाच नको होतं. कॉल जोडून द्यायचा, दोन्हीकडचे आवाज नीट येतात एवढं ऐकायचं आणि ऑपरेटरनं बाजूला व्हायचं, ही पहिल्या दिवसाची शिकवण. नोकरीला लागून चौदा महिने झाले होते आणि हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला, कारण जयवंतरावांनी बोलायला सुरुवात करतानाच आवाज खाली नेला. एरवी त्यांचा आवाज तारेशिवायही जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचला असता.

"कोण हा गुंडेटी?" पलीकडून जिल्ह्याचे कोणी साहेब विचारत होते.

"विणकरांचा पुढारी. लाल बावट्याचा. चीनच्या बाजूचा माणूस, आणि आमच्या नगरपालिकेत बसतो."

"चीनच्या बाजूनं काही बोललाय का कुठं?"

"बोलायला कशाला पाहिजे, साहेब? बावटा दिसतो ना." जयवंतराव हसले. "हे बघा, आज चार वाजता माझ्यावर अविश्वासाचा ठराव आहे. एकवीसपैकी दहा माझ्याकडे, अकरा त्यांच्याकडे. हा अकरावा. तो चार वाजता सभागृहात नसला पाहिजे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सही साडेतीनपर्यंत होईल. पण अटकेचा हुकूम तुमच्या गावाला पोचायला संध्याकाळ होईल."

"कागद येऊ द्या निवांत. तुमचा नुसता फोन आला तरी आमचा फौजदार त्याला उचलेल. मी बोलून ठेवलंय. तो ठाण्यात फोनजवळच बसणार आहे."

"ठीक. साडेतीनला फोन करतो."

खट्कन बोर्डावरची झडप पडली. कॉल संपला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

ही गोष्ट एकोणीसशे बासष्टच्या नोव्हेंबरमधली. चीनशी लढाई चालू होती आणि आमच्या तांबेसर गावाला दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी चौकातल्या रेडिओखाली शे-दोनशे माणसं उभी असत. बायका पाळीपाळीनं जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, मीही एक बाही विणली होती. संरक्षण समितीचे अध्यक्ष अर्थातच जयवंतराव सुर्वे, कारण गावातल्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष तेच होते. नऊ वर्षं नगराध्यक्ष. यंदा त्यांनी गावतळ्याचं पाणी स्वतःच्या जिनिंग कारखान्याला वळवायचा घाट घातला, आणि विणकर आळीच्या नळांना दिवसाआड पाणी येऊ लागलं. त्यातूनच हा अविश्वासाचा ठराव उभा राहिला होता. विरोधकांचे म्होरके वकील दिगंबर खासनीस. पण लोक जमवले, दारोदार फिरून सह्या आणल्या, त्या गुंडेटीनं.

गुंडेटीला मी ओळखत होते ते पोस्टातला माणूस म्हणून. आमचं एक्स्चेंज पोस्टाच्याच इमारतीत, मागच्या खोलीत. तो दर आठवड्याला येऊन आळीतल्या अडाणी बायांची पत्रं लिहून द्यायचा. पंधरवड्यापूर्वी विणकरांनी जवानांसाठी घोंगड्या विणल्या, तेव्हा त्यांचा गठ्ठा हा माणूस स्वतःच्या डोक्यावर घेऊन कचेरीपर्यंत चालत गेला होता. त्याला चीनचा हस्तक म्हणायचं? माझी कानशिलं तापली.

पण करायचं काय? मी तासभर बोर्डावर यंत्रासारखी कॉर्ड लावत-काढत होते आणि डोक्यात एकच घोळ चालला होता. गुंडेटीला निरोप धाडावा? तो लपून बसला तरी त्याचं मत गेलं, पकडला गेला तरी गेलं. जयवंतरावांना दोन्ही सारखंच. खासनीस वकिलांना सांगावं? ते आरडाओरडा करतील, मी कॉल ऐकला हे जगजाहीर होईल, आणि सही काही थांबणार नाही. म्हणजे राहिली एकच वाट. साडेतीनला येणारा फोन ठराव होईपर्यंत येताच कामा नये.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की तो फोन यायचा तो माझ्या समोरून.

तांबेसरला जिल्ह्याशी जोडणारी ट्रंक लाइन एकच होती. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात पितळी कड असलेलं एक भोक. त्यातून एक माणूस बोलत असला की बाकी सगळ्यांनी थांबायचं. ती लाइन चार वाजून गेल्यावरही कुणीतरी धरून ठेवली पाहिजे होती. कोण धरील?

मी काचेतून बाहेर बघितलं. बाकावर गिरजाबाई बसल्या होत्या.

गिरजाबाई खरात सहा दिवस रोज चार कोस चालत येत होत्या. त्यांचा मुलगा दशरथ पलटणीत शिपाई, वर सीमेवर गेलेला. दिवाळीआधी एक पत्र आलं, त्यानंतर काही नाही. कुणीतरी सांगितलं, पलटणीच्या कचेरीला फोन केला तर कळतं. सहा दिवस मी त्यांचा साधा ट्रंक कॉल नोंदवत होते आणि सहा दिवस कुणाचा ना कुणाचा अर्जंट कॉल पुढे घुसत होता. संध्याकाळी त्या उठायच्या, "उद्या लागंल का गं बाय?" म्हणायच्या आणि परत चालत जायच्या.

तीन वाजून अठरा मिनिटांनी मी जिल्ह्याच्या एक्स्चेंजला हाक दिली. तिथं कुमुद नावाची मुलगी असायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजानं मैत्रिणी होतो.

"कुमुद, लाइन मोकळी आहे ना? माझा एक साधा कॉल सहा दिवस पडून आहे. छावणीतल्या पलटणीच्या कचेरीचा. आत्ताच लाव."

"साधा ना? लावते बाई. तुझ्या त्या म्हातारीचा का?"

"तिचाच."

तीन पंचवीसला कॉल लागला. मी काचेवर टकटक केलं. "आजी, उठा! लागला फोन! त्या फोनच्या पेटीत जा!"

गिरजाबाईंनी आयुष्यात फोन हातात धरला नव्हता. त्यांनी रिसीव्हर उलटा धरला, तोंडाचा भाग कानाला. मी खुणा करून तो फिरवून घेतला.

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडे एक जाड, थकलेला आवाज. "हवालदार क्लार्क बोलतोय."

"मी दशरथची आई!" गिरजाबाई अशा ओरडल्या की माझे कान बधिर झाले. "दशरथ इटू खरात! त्यो कुटं हाय?"

"माऊली, हळू बोला. नंबर आहे का त्याचा?"

नंबर त्यांच्याकडे होता. लुगड्याच्या गाठीतल्या पाकिटावर. वाचता मात्र येत नव्हता. मी मध्ये बोलले, पाकीट काचेला लावायला सांगितलं आणि आकडे वाचून दाखवले.

"थांबा. यादी लांबलचक आहे. बघून येतो," हवालदार म्हणाला. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग बुटांचा, मग काहीच नाही.

साडेतीनला एक मिनिट कमी असताना कुमुद लाइनवर आली. "प्रमिला, तुझा कॉल तोड. लायटनिंग आहे. तुमच्या पोलीस ठाण्याला."

लायटनिंग म्हणजे सगळ्यांत वरचा कॉल. तो आला की साधा कॉल जिथं असेल तिथं तोडायचा, असा नियम.

"नाही तोडता येत," मी म्हटलं.

"म्हणजे काय?"

"लष्कराच्या कचेरीचा कॉल आहे. सीमेवरच्या माणसांबद्दल बोलणं चालू आहे." माझा आवाज मलाच परका वाटला, इतका करारी. "लढाई चालू असताना लष्कराचा कॉल मी तोडणार नाही. तुला तोडायचा तर तू तोड. पण तुझं नाव मी नोंदवहीत लिहीन."

कुमुद हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब माझ्या डोक्यावर बसलाय गं. काय सांगू?"

"हेच सांग."

तेवढ्यात बोर्डावर नगराध्यक्षांच्या खोलीची झडप पडली, म्हणजे तिथून कुणाला तरी बोलायचं होतं. मी कॉर्ड लावली.

"फौजदाराला जिल्ह्याचा फोन आला का?" जयवंतराव.

"नाही साहेब. जिल्ह्याची लाइन चालू आहे."

"कुणाचा कॉल?"

"लष्कराच्या कचेरीचा."

"हं." "मी फोन धरून ठेवतो. लाइन सुटली की मला सांग." त्यांनी रिसीव्हर टेबलावर टाकला. त्यांच्या खोलीचं दार सभागृहात उघडत होतं, ते त्यांनी उघडंच ठेवलं असणार, कारण त्या पडलेल्या रिसीव्हरमधून मला सभा ऐकू येऊ लागली. खुर्च्यांची सरकासरकी, खोकले, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या मामलेदारांचा बारीक आवाज.

पुढचा पाऊण तास मी जशी जगले तशी त्याआधी आणि त्यानंतर कधी जगले नाही. एक कळ खाली केली की सभा. दुसरी खाली केली की पलटणीची कचेरी, जिथं अजून कुणी परत आलं नव्हतं, नुसती शांतता आणि कुठंतरी टाइपरायटर. काचेपलीकडे गिरजाबाई दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून देवळात उभं राहावं तशा उभ्या.

"आहेस ना गं बाय?"

"आहे आजी. फोन ठेवू नका. काही झालं तरी ठेवू नका."

चार वाजता सभा सुरू झाली. मला वाटलं, आता पाच मिनिटांत मतदान. पण जयवंतरावांची माणसं कच्ची नव्हती. एक सदस्य उठला आणि म्हणाला, देश संकटात असताना आधी चीनच्या निषेधाचा ठराव व्हायला हवा. त्याला विरोध कोण करणार? ठराव वाचला. त्यावर भाषण. मग दुसऱ्याचं भाषण, त्यात हिमालय, गंगा, शिवाजी महाराज सगळे आले. मग हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं उभं राहणं. ती दोन मिनिटं मी घड्याळावर मोजली. खासनीस वकिलांचा चिडलेला आवाज आला, "आता मूळ विषय घ्या!" तर तिसरा उठला, "राष्ट्रगीत झाल्याशिवाय कसा घेता?" राष्ट्रगीत झालं. पोस्टातली दोन माणसं रस्त्यापलीकडून सूर ऐकून उभी राहिली.

प्रत्येक मिनिटाला कुमुद येत होती. "प्रमिला, सोड. प्रमिला, ते माझी नोकरी खातील."

"अजून चालू आहे."

"ऐकू येतंय मला! कुणीच बोलत नाहीये तिथं!"

तेवढ्यात मागं दार वाजलं. सुपरवायझर वाघुलकर बाहेरचं काम उरकून परत आले होते. पन्नाशी उलटलेला, शिस्तीचा माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावरून बोर्ड पाहिला, कॉलच्या नोंदीचं तिकीट उचललं, चष्मा वर करून वेळ वाचली.

"साधा कॉल. तीन पंचवीसपासून?" ते म्हणाले. "आणि लायटनिंग थांबलाय?"

"हो."

"डोकं ठिकाणावर आहे का शेवाळेबाई? तोडा तो." मी हलले नाही. त्यांचा हात माझ्यापुढून कॉर्डकडे गेला. दोन बोटांनी त्यांनी प्लग धरलासुद्धा.

आणि तेव्हाच कचेरीतले बूट परत आले.

"माऊली, आहात का?"

"हाय! हाय साहेब!"

मी कळ उघडीच ठेवली होती. बोर्डावरच्या छोट्या कर्ण्यातून आवाज खोलीभर आला. वाघुलकरांची बोटं तिथंच थांबली.

"दशरथ विठू खरात. मेलेल्यांत नाव नाही." कागद उलटल्याचा आवाज. "बेपत्त्यांत नाही. हां... जखमींत आहे. इस्पितळात आहे. बर्फानं डाव्या पायाची दोन बोटं गेलीत. बाकी माणूस ठणठणीत."

गिरजाबाईंनी रिसीव्हर कानाशी आणखी दाबला. मग म्हणाल्या, "बोटं जाऊंद्यात. चालंल नव्हं त्यो?"

"चालेल. पळेलसुद्धा."

त्या खाली बसल्या. पेटीत जागा नव्हती तरी बसल्या, रिसीव्हरची दोरी ताणली गेली. आणि मग बोलतच सुटल्या. त्याला सांगा, गाय व्याली, कालवड झाली. त्याला सांगा, रुक्मीचं लगीन ठरतंय, त्याच्याबिगर करणार न्हाय. त्याला सांगा, रात्री पाय शेकत जा. तो हवालदार कोण होता मला माहीत नाही, पण त्यानं एकदाही घाई केली नाही. "लिहून घेतो माऊली, सांगा पुढं," म्हणत राहिला.

वाघुलकरांनी प्लगवरचा हात काढला. "मला आधी का नाही सांगितलंत?" ते पुटपुटले. त्यांना वाटलं, मी म्हातारीसाठीच हे केलं. मी त्यांना तसं वाटू दिलं.

दुसऱ्या कानात सभा मतदानाला आली होती. "ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करावेत," मामलेदार म्हणत होते. तेवढ्यात पोस्टाच्या पायऱ्यांवर धाडधाड पावलं वाजली आणि एक्स्चेंजचं दार उघडलं. जयवंतराव स्वतः. धोतराचा सोगा हातात, चेहरा लाल.

"कुठाय तो कॉल? काढ! मी सांगतोय, काढ!"

मी उभी राहिले. खुर्ची मागं पडली. खरं सांगते, मला हसू फुटेल असं वाटत होतं. नऊ वर्षं गावाला नाचवणारा माणूस माझ्या हातातल्या दीड हाताच्या दोरीकडे बघत होता.

वाघुलकर मध्ये आले. "साहेब, आत येता येत नाही आपल्याला."

"मी नगराध्यक्ष आहे!"

"असाल साहेब. पण आणीबाणीचा हुकूम आहे. एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या माणसाला मनाई. आपणच संरक्षण समितीचे अध्यक्ष, आपल्याला मी काय सांगावं?"

जयवंतराव उंबऱ्यात अडकले. ते काही बोलणार तोच रस्त्यापलीकडून, नगरपालिकेच्या इमारतीतून, एक मोठी आरोळी उठली. मग हलगी वाजायला लागली. विणकर आळीची हलगी. अकरा हात वर झाले होते. दहा खाली राहिले असते, पण एक खुर्ची रिकामी होती, तिचा मालक माझ्यासमोर उभा होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सोगा नीट करून ते पायऱ्या उतरून गेले.

गिरजाबाईंचा कॉल चार सतराला संपला. चार अठराला कुमुदनं लायटनिंग दिला, आणि तो मी ठाण्याला जोडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणखी दहा मिनिटं खोटं बोलता आलं असतं. पण मतदान झालं होतं, माझी भीती परत आली होती, वाघुलकर मागं उभे होते. माझ्याच हातानं मी प्लग आत सरकवला.

खिडकीतून मला दिसलं. गुंडेटी गळ्यात सुताच्या लडींचा हार घालून पायऱ्या उतरत होता. फौजदार सायकलवरून उतरला, त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. गुंडेटीनं हार काढून शेजारच्या बाईच्या हातात दिला, धोतर नीट केलं आणि चालायला लागला. हलगी वाजवणाऱ्याला कळायला वेळ लागला. तो आणखी थोडा वेळ वाजवतच राहिला.

चौदा महिने तो आत होता. नवे नगराध्यक्ष खासनीस वकील. त्यांनी पहिल्याच बैठकीत तळ्याचं पाणी विणकर आळीला परत सोडलं, हे खरं. आणि दुसऱ्या बैठकीत, देशविघातक प्रवृत्तींना अटक केल्याबद्दल सरकारचं अभिनंदन करणारा ठराव मांडला, हेही खरं. गुंडेटीचं नाव त्यात नव्हतं, पण त्याच्या सुटकेसाठी एक अर्जही त्यांनी केला नाही. अकरावं मत आता त्यांना नको होतं. जयवंतरावांकडचे चौघं फुटून त्यांच्याकडे आले होते.

माझी चौकशी झाली. वाघुलकरांनी तिकिटावर लिहिलं, 'जखमी जवानाच्या कुटुंबाची चौकशी, पर्यवेक्षकाच्या परवानगीने,' आणि खाली सही केली. प्रकरण मिटलं. दशरथ संक्रांतीनंतर काठी टेकत गावात आला, गिरजाबाईंनी एक्स्चेंजमध्ये पेढे आणले. सगळे मला शाबासकी देत होते, आणि मला रात्री झोप लागत नव्हती. जयवंतरावांनी लढाईच्या नावावर एक माणूस उचलायला लावला. मीही लढाईचंच नाव पुढं केलं होतं, कुमुदला गप्प करायला. आणि ते करताना मला गोड लागलं होतं. सगळं गाव माझ्या एका दोरीला लोंबकळतंय, ही चव मी विसरू शकत नव्हते. त्या दिवसापासून जयवंतरावांच्या घरच्या फोनची झडप पडली की माझा हात आपोआप ऐकायच्या कळेकडे जायचा. दोनदा मी ती खाली केलीही.

मार्चमध्ये एका दुपारी नगराध्यक्षांच्या खोलीची झडप पडली. मी नेहमीसारखं "नंबर?" विचारलं.

"नंबर नको. तुमच्याशीच बोलायचंय," खासनीस वकील म्हणाले. आवाज मऊ, लाघवी. "शेवाळेबाई, त्या दिवशी तुम्ही काय केलंत, मला कल्पना आहे. गावावर उपकार आहेत तुमचे."

मी समोरची नोंदवही जवळ ओढली.

"आता एक छोटंसं काम. सुर्वे जिल्ह्याला कुणाकुणाशी बोलतात, काय बोलतात, एवढं फक्त मला कळत राहिलं पाहिजे. शत्रू अजून दारात उभा आहे. गावात कोण कुठल्या बाजूला आहे, यावर नजर ठेवायला नको का? तुमच्या बढतीचं मी बघतो."

माझा हात बोर्डावर होता. ऐकायची कळ अंगठ्याखाली. खोटं कशाला बोलू, एक क्षण मनात आलं, मी तर आधीच ऐकते आहे, मग सांगायला काय हरकत आहे?

त्या क्षणानं मी घाबरले आणि अंगठा कळेवरून काढला.

"साहेब, जपून बोला," मी म्हटलं. "हा कॉल कुणीतरी ऐकतंय."

"कोण?" ते दचकले. "कोण ऐकतंय?"

"मी," मी म्हटलं. "नोंदवहीत लिहू का?"

त्यांनी रिसीव्हर ठेवला. अकराव्या दिवशी माझ्या बदलीचा हुकूम आला, कोकणातल्या एका गावाला, जिथं एक्स्चेंज नव्हतंच, नुसतं तारेचं यंत्र होतं, ऐकायची कळ नव्हती. वाघुलकर हळहळले. मी मात्र त्याच संध्याकाळी ट्रंक भरायला घेतली.